राहिलेलं आमेन

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, देशाच्या उत्तर सीमेवरील एका बर्फाळ चौकीत लान्स नायक शमुवेल याचे पराठे ऐन प्रार्थनेच्या वेळी कोण पळवत होते, या प्रकरणाचा तपास पूर्ण झाला आहे. आरोपी दोन. एकाला शेपूट होतं. दुसरा आज हयात नाही. फिर्यादी मी स्वतः.

हे निवेदन मी मागच्या महिन्यात सोलापुरात, आमच्या चर्चमध्ये, भर उपासनेत याच शब्दांत केलं. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं होतं. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. आमच्याकडे साक्षीला उभा राहिलेला माणूस आजारपणापासून सुरू करतो आणि बरा होऊन खाली बसतो. मी पराठ्यापासून सुरू केलं. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या बायकोने डोळे मिटले, पण ती प्रार्थना करत नव्हती. वेळ संपला आणि निम्मी साक्ष पोटातच राहिली. तीच आता सगळी लिहून काढतो.

त्या वर्षी आमच्या पलटणीला उंचावरच्या चौक्या मिळाल्या. रजा संपवून मी सोलापूर स्टेशनवरून निघालो तेव्हा आई पोहोचवायला आली होती. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. देवाला विचारल्याशिवाय ती बाजारात वांगीसुद्धा घेत नसे. टोपलीसमोर उभी राहून क्षणभर डोळे मिटायची, आणि भाजीवाली समजायची की म्हातारीला चक्कर आली. प्लॅटफॉर्मवर तिने माझा हात धरून प्रार्थना सुरू केली. पाळक, मंडळी, विधवा, अनाथ, आजारी, राज्यकर्ते असं एकेक घेत ती माझ्यापर्यंत येण्याआधीच गाडी सुटली. मी चढलो. ती डोळे मिटून तिथेच उभी होती. कुर्डुवाडी आली तरी तिचं आमेन झालं नसेल, असं मी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. तो हसला. मीही हसलो, पण तोंड खिडकीकडे करून.

आईची प्रार्थना करायची पद्धत माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. जेवणापूर्वी डोळे मिटायचे, आणि मिटले की सगळ्या जगाला एकदा भेटून यायचं.

चौकीवर ही सवय महागात पडली.

चौकी म्हणजे डोंगराच्या अंगावर फायबरच्या दोन झोपड्या आणि थोडं खाली लंगर, म्हणजे आमचं स्वयंपाकघर. हिवाळ्यात रस्ता बंद. वर यायचं तर हेलिकॉप्टर, आणि हेलिकॉप्टर यायचं तर आभाळ मोकळं हवं. खालच्या झोपडीत बाकीची पोरं, वरच्या झोपडीत आम्ही तिघं. चौकीचे कमांडर सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. बोलणं कमी, आणि जे बोलतील तो हुकूम. दुसरा नायक सिद्राम, अक्कलकोटच्या बाजूचा, लिंगायत घरातला. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत माझी टर. पलटणीत मी एकटाच ख्रिस्ती, म्हणून सिद्रामने माझं नाव पाद्रीबुवा ठेवलं. पाद्री वेगळा आणि मी वेगळा, हे त्याला मी अनेकदा समजावलं. त्याने प्रत्येक वेळी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हटलं, बरं पाद्रीबुवा.

रोज सकाळी आरती व्हायची. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवायचो. सिद्राम गळ्यातलं लिंग मुठीत धरून उभा असायचा. आणि जेवायच्या वेळी माझी पाळी. मी डोळे मिटले की सिद्राम ठरल्यासारखा म्हणायचा, "आटप की पाद्रीबुवा. देवाला बी जेवायचं आसंल."

मी डोळे उघडायचो तेव्हा ताटात एक पराठा कमी असायचा.

मी सुभेदारसाहेबांकडे रीतसर तक्रार केली. साहेबांनी हुकूम काढला की शमुवेलचं आमेन होईपर्यंत झोपडीतला कुठलाही जवान अन्नाला तोंड लावणार नाही, बोलणार नाही, आणि वायरलेस सेटचा आवाज कमी राहील. हुकूम कडक होता. पराठे तरीही जात राहिले. मी एकदा एक डोळा उघडून पाहिलं. सिद्राम माझा पराठा दाराच्या फटीतून बाहेर सरकवत होता.

बाहेर नंदी होता. नंदी म्हणजे आमच्या चौकीचं कुत्रं. कुठून आलं कुणाला माहीत नाही. ते रात्रंदिवस झोपडीच्या दाराकडे तोंड करून बसायचं, शंकराच्या देवळाबाहेर बसावं तसं, म्हणून सिद्रामने हे नाव दिलं. सिद्रामचं म्हणणं असं की हुकूम जवानांना होता. त्याने तर घासाला तोंड लावलं नव्हतं. आणि नंदी जवान नव्हता. सुभेदारसाहेबांनी विचार केला आणि मुद्दा मान्य केला. थोडक्यात, ते कुत्रं त्या हिवाळ्यात माझ्या प्रार्थनांवर पोसलं गेलं. मी जितकी लांब प्रार्थना करायचो तितकं ते जाड व्हायचं.

त्या दिवशी सकाळचं स्टँड-टू, म्हणजे पहाटे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, झालं. रात्रभर बर्फ पडलं होतं. आम्ही झोपडीत परत आलो, बुखारीवर, म्हणजे रॉकेलच्या शेगडीवर, चहा ठेवला. सिद्राम सेटवर होता, मागच्या भिंतीशी. मी आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बाहेर काढत होतो. नंदी त्या दिवशी दाराशी नव्हता, खाली लंगरकडे गेला होता.

हिमकडा कोसळताना मोठा आवाज झाला असेल असं लोकांना वाटतं. तसं झालं नाही. कुणीतरी भरलेलं पोतं ओढत नेतंय असा आवाज आला. झोपडी उचलली गेली, फिरली, आपटली. मग अंधार.

पहिलं बोलले ते सुभेदारसाहेब. "नावं सांगा."

"शमुवेल, साहेब. ठीक."

"सिद्राम. ठीक न्हाय, साहेब. पण हाय."

साहेबांनी टॉर्च लावला. झोपडी एका बाजूने चेपली होती. बुखारी बर्फात गाडली जाऊन विझली होती, आणि ती विझली म्हणूनच आम्ही जळालो नाही. छताची लोखंडी चौकट खाली येऊन सिद्रामच्या कमरेवर बसली होती. तो मागच्या भिंतीला डोकं टेकून आडवा होता. चौकट आम्ही दोघांनी धरून ओढली. ती हलली नाही. तिच्यावर छत होतं, छतावर डोंगर होता.

"पाय?" साहेबांनी विचारलं.

"हैत का न्हाईत, काय कळंना."

सेट चालू होता. माइकची केबल तुटली होती. म्हणजे आम्हाला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक मान हलवतात. ती त्यांना कळलेली नसते. आपल्याच चौकीचा ऑपरेटर खालच्या झोपडीतून कंपनीशी आपल्याबद्दल बोलतो आहे आणि आपण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर गाडलेले आहोत.

"चार्ली टू फॉर चार्ली. ऊपर वाला हट नहीं दिख रहा. तीन आदमी अंदर. ओवर."

"चार्ली फॉर चार्ली टू. और स्लाइड का खतरा है. देख के जाओ. ओवर."

"जा रहे हैं, साब. ओवर."

सिद्राम म्हणाला, "लई गुणाची पोरं हैत."

फावडं झोपडीच्या आत ठेवायचं असा स्थायी हुकूम आहे, आणि आमचं आत होतं. साहेबांनी टॉर्च दाराकडे फिरवला. दार चेपलं होतं, फटीतून बर्फ आत आलेलं. साहेब म्हणाले, "दाराकडून खणा." शंका यायचं कारणच नव्हतं. दार म्हणजे बाहेर. मी फावडं मारायला लागलो, साहेब सेल वाचवायला टॉर्च विझवून मेसटिनने, म्हणजे जेवणाच्या डब्याने, बर्फ मागे ओढायला लागले.

बर्फ कोसळून थांबलं की सिमेंटसारखं बसतं. फावडं मारलं की ढेकूळ निघतं. ते ढेकूळ टाकायचं कुठे? आतच. जितकं खणावं तितकी आमची जागा कमी व्हायची. साहेब ढेकळं दोन्ही कोपऱ्यांत रचत होते. कोपरे भरले. मग ढीग सिद्रामच्या दिशेने सरकायला लागला.

"माझ्यावर टाका की, साहेब," सिद्राम म्हणाला. "तेवढीच ऊब."

साहेबांनी ढीग तिथेच थांबवला. ढेकळं स्वतःच्या गुडघ्यांवर घ्यायला लागले.

सेटवर पोरं सांगत होती की झोपडीच्या जागेवर खणतोय, काहीच लागत नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी जोर वाढवला, मोठ्याने ओरडलो. बर्फाच्या आतला आवाज बाहेर जात नाही. तो आपल्याच तोंडावर परत येतो. श्वास जड व्हायला लागला. काडी लावून पाहावी असं वाटलं, पण भीती वाटली की ती पेटणार नाही, आणि मग आम्हाला कळेल.

या वेळी मी काय करत होतो असं मंडळीत विचारतात. त्यांना वाटतं मी प्रार्थना करत होतो. मी फावडं मारत होतो, आणि प्रत्येक फटक्याला देवाशी भांडत होतो. माझी आई वांग्यासाठी विचारते तर तू सांगतोस. मी वाट विचारतो तर गप्प. लहानपणापासून ऐकलं होतं की तो हात धरून नेतो. त्या अंधारात मला फक्त फावड्याचा दांडा लागत होता.

साहेबांनी थांबवलं. "धाप लागली आहे. बस. काहीतरी खा."

कडक भाकरी चेपली नव्हती. तिला चेपायला डोंगरही कमी पडतो. साहेबांनी तिचे तीन तुकडे केले आणि एक सिद्रामच्या हातात दिला. मी माझा तुकडा तोंडाजवळ नेला.

"पाद्रीबुवा," सिद्राम म्हणाला, "डोळं मिटलं न्हाईस."

मी म्हटलं, आज नाही जमत.

"हुकूम हाय. साहेब, हुकूम हाय का न्हाय?"

"आहे," साहेब म्हणाले. आणि हात लांब करून त्यांनी सेट बंद केला.

सेट बंद झाल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तो खरखरत होता तोपर्यंत जग चालू होतं. मी साहेबांना म्हटलं, चालू ठेवू या. ते म्हणाले, "आमेन झालं की."

मी डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय, अंधार तोच. सिद्राम म्हणाला, "लांबच कर आज. घाई न्हाय कुटं जायाची."

मनात काही नव्हतं. म्हणून आईची वाट धरली. पाळक, मंडळी, विधवा, अनाथ, आजारी. राज्यकर्ते. शब्द एकामागून एक येत गेले, पाठ असलेल्या ड्रिलसारखे. मग सुभेदारसाहेब. मग सिद्राम. सिद्रामचे पाय. मग म्हणालो, प्रभू, आम्हाला रस्ता दिसत नाही. तुला दिसतो. आणि पुढे शब्द संपले. मी गप्प बसलो. ते दोघेही गप्प, कारण आमेन झालं नव्हतं. हुकूमच तसा होता. त्या झोपडीत सकाळपासून पहिल्यांदा कुठलाच आवाज नव्हता. फावडं नाही, सेट नाही, बोलणं नाही.

मी श्वास घेतला. आमेन ओठांवर आलं होतं. सिद्रामने माझी बाही धरली.

"आमेन म्हनू नगंस," तो कुजबुजला. "भिंतीमागं कायतरी खरवडतंय."

त्याचं डोकं मागच्या भिंतीला टेकलेलं होतं, म्हणून त्यालाच ऐकू आलं. मी कान लावला. आधी काही नाही. मग ऐकलं. बारीक, घाईघाईचं खरवडणं. थांबून पुन्हा. दाराच्या बरोबर उलट दिशेला.

घसरताना झोपडी पूर्ण फिरली होती. आमचं दार डोंगराकडे झालं होतं. सकाळपासून आम्ही दाराकडे खणत होतो, म्हणजे डोंगरात शिरत होतो. आणि वर पोरं खणत होती ती झोपडीच्या जुन्या जागी. खरी जागा एकालाच कळली होती.

सिद्राम म्हणाला, "नंदी हाय. पराठा मागाय आलाय."

साहेबांनी माझ्या बाजूला पडलेलं फावडं उचललं आणि फायबरच्या भिंतीवर तीन-तीनचे ठोके मारले. खरवडणं थांबलं. मग भुंकणं ऐकू आलं, खूप लांबून आल्यासारखं. ते भुंकत राहिलं. पोरांनी आधी त्याला हाकललं, असं नंतर कळलं. ते हटेना म्हणून एकजण काठी घेऊन आला, आणि त्याने ठोके ऐकले.

भिंत कापायला कुऱ्हाड लागली. पहिल्या भोकातून उजेड आला आणि त्याच्या मागोमाग नंदीचं तोंड. नंदी आधी सिद्रामकडे गेला. सिद्रामने हातातला भाकरीचा तुकडा त्याला दिला. तो त्याने खाल्लाच नव्हता. हुकूम पाळला होता. आमेन झालं नव्हतं.

चौकट उचलायला सगळी चौकी लागली. सिद्रामला आम्ही लंगरमध्ये आणलं, शेकोटीजवळ ठेवलं. त्याला दुखत नव्हतं. नर्सिंग असिस्टंटने साहेबांकडे पाहिलं. हेलिकॉप्टर मागवलं होतं. आभाळ बंद होतं. सिद्राम माझ्याशी कानडीत बोलायला लागला. मला कानडी येत नाही, हे तो विसरला होता. मी हो म्हणत राहिलो. दुपारी आभाळ उघडलं. तेव्हा सिद्रामला हेलिकॉप्टरची गरज उरली नव्हती.

साहेबांनी सॅल्यूट केला. आम्ही सगळ्यांनी केला. नंदी त्याच्या पायांशी बसला होता, तोंड त्याच्याकडे करून.

साक्ष ऐकणाऱ्यांना इथे हालेलुया म्हणायचं असतं. शमुवेल वाचला. मीही म्हणतो. पण मला वाट दाखवली असं म्हणताना, ज्याला ती वाट ऐकू आली तोच मागे राहिला, हेही मला म्हणावं लागतं.  हे मी आईलाही विचारलं. मी रजेवर आल्यावर तिने सगळं ऐकलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "त्यालाच विचारत जा, शमू. दुसरीकडं कुठं जाणार?" तेव्हापासून विचारतो आहे. रोज. तो ऐकतो यावर माझा भरवसा आहे. नसता तर इतकं भांडलो नसतो.

दरवर्षी हिवाळ्यात मी जुळे सोलापूरहून मोटारसायकलवर सिद्रामच्या गावी जातो. त्याची आई नागव्वा, सगळं गाव अव्वा म्हणतं, मीही म्हणतो. पहिल्या वर्षी तिने ताट वाढलं आणि मी संकोचून तसाच जेवायला लागलो. तिने माझा हात धरला. सिद्राम रजेवर आला की पाद्रीबुवाच्या गोष्टी सांगायचा, म्हणाली. मग डोळं मीट की. तेव्हापासून तिच्या घरात माझं आमेन होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. मी तिथे अगदी छोटी प्रार्थना करतो. दोन वाक्यं, आमेन. कपाळभर विभूती लावलेल्या त्या बाईला ताटकळत ठेवणं बरं वाटत नाही.

या वर्षी, साक्षीनंतरच्या आठवड्यात, सुभेदारसाहेब साताऱ्याकडून आले. निवृत्त झालेत, काठी घेऊन चालतात. आम्ही दोघं अव्वाकडे गेलो. शेंगाची चटणी, आमटी, बाजरीची भाकरी. अव्वाने वाढलं, पदर सारखा केला आणि समोर बसली. मी डोळे मिटायच्या आधी साहेब म्हणाले, "शमुवेल."

"साहेब."

"त्या दिवशीचं आमेन राहिलंय."

मी ताट सरळ केलं.

"पूर्ण कर," साहेब म्हणाले. हुकूम होता.

मी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पाळक, मंडळी, विधवा, अनाथ, आजारी, राज्यकर्ते. सुभेदारसाहेब. सिद्राम. तिथे आलो आणि अडकलो. पुढचा शब्द एकच होता, आणि तो येईना. बाहीवर हात आल्यासारखं वाटत होतं. साहेब गप्प. अव्वा गप्प. घरात कुठलाच आवाज नाही. मी तसाच बसून राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते ताटात पडू नये म्हणून मान थोडी वळवली.

अव्वाने बराच वेळ वाट पाहिली. सिद्राम काय म्हणायचा ते मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. साहेबांनीही नाही. शेवटी तिच्याच्याने राहवेना, आणि ती एकदम म्हणाली,

"आटप की आता. देवाला बी जेवायचं आसंल."